1931-32 च्या वह्यांत तूट आहे आणि शिल्लकही आहे: हे कसे वाचावे?

प्रश्न
पंचवटीकर:

सर्वांना सप्रेम नमस्कार. नाशिकमधल्या एका जुन्या शिक्षणसंस्थेचा इतिहास लिहिण्याचे काम गेल्या वर्षापासून माझ्याकडे आले आहे. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण कागदपत्रांची छाननी अजून पूर्ण झालेली नाही. माझे शिक्षण मराठी साहित्याचे आहे, हिशोबाचे नाही, म्हणून हा प्रश्न जाणकारांपुढे ठेवतो.

पहिल्या महायुद्धानंतरच्या वीस वर्षांच्या कीर्दी (रोजच्या जमाखर्चाच्या वह्या) आणि खतावण्या (खातेवार नोंदींच्या वह्या) संस्थेने जपून ठेवल्या आहेत. आरंभीच्या वह्या मोडीत असून त्यांचे वर्ष दिवाळीच्या पाडव्यापासून चालते. पुढे सरकारी ग्रँट सुरू झाल्यावर लेखन बाळबोध होते आणि वर्ष 1 एप्रिलपासून धरले जाते. 1930-31 ते 1932-33 या तिन्ही वर्षांच्या वार्षिक अहवालांत चिटणीस तुटीविषयी अतिशय कळवळून लिहितात. शिक्षकांच्या पगारात कपात केली, दोन वर्गांना एक शिक्षक दिला, इमारतीची डागडुजी पुढे ढकलली, असे सगळे तपशील त्यांत आहेत. परंतु त्याच वर्षांच्या तेरजेच्या, म्हणजे जमाखर्चाच्या वार्षिक गोषवाऱ्याच्या, शेवटी पाहावे, तर प्रत्येक वर्षी शिल्लक! 1931-32 ची शिल्लक तर आदल्या वर्षापेक्षा अधिक आहे. जमेच्या बाजूला "सरकारी कागद विक्री" अशी एक रक्कम दिसते आणि ग्रँटच्या रकमेपुढे "कपात वजा जाता" असा शेरा आहे.

तूट आणि शिल्लक एकाच वर्षी कशी असू शकते, आणि ग्रँटमधील ही कपात कोठून आली, मुंबई सरकारकडून की दिल्लीहून? त्या काळातील मुंबई इलाख्याच्या अंदाजपत्रकांची काही पाने मी चाळली, तर तेथेही एका ठिकाणी शिल्लक आणि दुसऱ्या ठिकाणी तूट असेच चित्र दिसले. चिटणीसांनी अहवाल फुगवून लिहिला, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण ज्यांनी स्वतःचा पगार दोन महिने उचललाच नाही, असे कीर्दीवरून दिसते, त्यांच्याविषयी तसे लिहायला मन धजत नाही.

उत्तर
नाशिकरोड:

मी सरकारी लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झालो आहे. आपल्या चिटणीसांनी काहीही फुगवलेले नाही. अहवाल आणि तेरीज हे दोन्ही कागद खरे आहेत, फक्त ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. तेरीज सांगते की 31 मार्चच्या संध्याकाळी पेटीत आणि बँकेत मिळून किती पैसा होता. चिटणीस सांगतात की वर्षभरात जे नियमित उत्पन्न आले, म्हणजे फी, ग्रँट, वर्गण्या आणि रोख्यांवरील व्याज, त्यातून वर्षाचा नियमित खर्च भागला की नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शिल्लक आणि दुसऱ्याचे तूट, असे एकाच वर्षी सहज घडू शकते. मधला दुवा आपणच शोधून काढला आहे: सरकारी कागदाची विक्री.

"सरकारी कागद" म्हणजे हिंदुस्थान सरकारच्या प्रॉमिसरी नोटी. त्यांतील साडेतीन टक्क्यांचा कागद संस्थांच्या कायम निधीत विशेष असे. हजार रुपयांच्या दर्शनी कागदावर वर्षाला 35 रुपये व्याज, तेही सहामाही 17-8-0 (17 रुपये 8 आणे 0 पै) प्रमाणे. आपल्या खतावणीत ही 17-8-0 ची नोंद वर्षातून दोनदा सापडावी, आणि विक्रीनंतर ती नाहीशी व्हावी. तसे झाले असेल, तर संस्थेने पगार भागवण्यासाठी कायम निधीतला कागद मोडला, हे सिद्ध होते. विकून आलेला पैसा जमेला धरल्याने तेरजेत शिल्लक वाढली. परंतु पुढच्या प्रत्येक वर्षाच्या उत्पन्नातून 35 रुपये कमी झाले. घरातले भांडे विकून आलेल्या रकमेला कोणी कमाई म्हणत नाही, पण रोजमेळात ती जमेच्याच बाजूला लिहावी लागते.

विक्री कोणत्या महिन्यात झाली, तेही पाहा. हा कागद ठरावीक मुदतीत फिटणारा नव्हता, त्यामुळे बाजारात व्याजाचे दर चढले की त्याचा भाव दर्शनी किमतीच्या खाली जाई. महायुद्धानंतर सरकारने स्वतःच साडेसहा टक्क्यांपर्यंत व्याज देऊन कर्जे उभारली, तेव्हा साडेतीन टक्क्यांच्या जुन्या कागदाला कोण पुसणार? 1931 च्या धास्तीत भाव पुन्हा कोसळला आणि 1932 नंतर पैसा स्वस्त झाला तसा झपाट्याने वर आला. आपल्या संस्थेने 1931 मध्ये विक्री केली असेल, तर ती अगदी वाईट वेळी केली. खतावणीत दर्शनी किंमत आणि प्रत्यक्ष आलेली रक्कम यांतील फरक कोठे लिहिला आहे, की लिहिलाच नाही, हे तपासून कळवावे.

आता ग्रँटविषयी. 1919 च्या सुधारणा कायद्यानंतर 1921 पासून केंद्र आणि प्रांत यांची उत्पन्नाची साधने वेगळी झाली. जकात, प्राप्तिकर, मीठ, रेल्वे, टपाल ही दिल्लीकडे गेली. जमीन महसूल, अबकारी, स्टॅम्प, जंगल ही प्रांतांकडे आली. या वाटणीत दिल्लीला तूट येणार हे ठाऊक असल्यामुळे लॉर्ड मेस्टन यांच्या समितीने प्रांतांकडून वार्षिक 983 लाख रुपयांची वर्गणी ठरवून दिली. तीत मद्रासच्या वाट्याला 348 लाख आले आणि मुंबईच्या वाट्याला 56 लाख. आकडा पाहून वाटेल की मुंबई स्वस्तात सुटली. तसे नव्हते. मुंबईचे खरे वाढते उत्पन्न गिरण्या आणि व्यापार यांतून येणारा प्राप्तिकर हे होते आणि ते जवळजवळ संपूर्ण दिल्लीकडे गेले. प्राप्तिकराच्या वाढीत प्रांतांना थोडा हिस्सा ठेवला होता, पण ती वाढ 1920-21 च्या पायावरून मोजायची होती. 1920-21 म्हणजे तेजीचा कळस. त्या कळसावरून मोजल्यावर मुंबईच्या पदरात पडणार ते काय?

उरलेल्या पैशातूनही सगळाच खर्च प्रांताच्या मर्जीचा नव्हता. दुष्काळविम्यासाठी दर वर्षी ठरावीक रक्कम बाजूला काढण्याचे बंधन होते आणि मुंबई इलाख्यासाठी ती 63 लाख 60 हजार रुपये होती, सर्व प्रांतांत अधिक. सिन्नर, येवला, नांदगाव या आपल्या तालुक्यांचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, ते तिला अनाठायी म्हणणार नाहीत. पण शिक्षणाला तेवढा पैसा कमी, हेही खरे. त्यात शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे सोपवलेली, आणि अर्थखाते मात्र गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे राखीव. रँग्लर र. पु. परांजपे शिक्षणमंत्री असताना 1923 चा प्राथमिक शिक्षण कायदा झाला आणि शाळांचा कारभार नगरपालिका व जिल्हा लोकल बोर्डांकडे गेला. जबाबदारी खाली उतरली. उत्पन्नाची साधने त्या मानाने उतरली नाहीत. लोकल बोर्डाचा मुख्य आधार म्हणजे जमीन महसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड. ज्या वर्षी दुष्काळामुळे सारा तहकूब होई, त्या वर्षी तो आणाही तहकूब होई.

म्हणून माझे मत असे आहे की त्या काळातील तूट कोणी भरून काढली नाही, ती वरून खाली सरकवली. दिल्लीने ती प्रांतांकडे सरकवली, मुंबईने लोकल बोर्डांकडे आणि अनुदानित संस्थांकडे. ज्याच्या खाली सरकवायला कोणी उरले नाही, त्या आपल्या चिटणीसांनी ती कायम निधीतून आणि स्वतःच्या पगारातून सोसली.

उत्तर
कॉलेजरोड:

मी अर्थशास्त्र शिकवतो. नाशिकरोड यांनी हिशोबाची बाजू इतकी स्वच्छ मांडली आहे, की तीत मला काही घालावयाचे नाही. मात्र ग्रँटकपातीचे मूळ मेस्टन वाटपात शोधणे मला मान्य नाही. मेस्टन वर्गण्या टप्प्याटप्प्याने कमी होत 1928-29 पर्यंत पूर्णपणे संपल्या होत्या. पंचवटीकरांच्या संस्थेची तूट 1930 नंतरची आहे. तिचे कारण मंदी आणि मंदीतही अंदाजपत्रक समतोल राखण्याचा हट्ट, हे आहे.

कलकत्त्याचा घाऊक किमतींचा निर्देशांक घेऊ. जुलै 1914 ला 100 धरल्यास 1929 मध्ये तो 141 होता. 1931 मध्ये 96 आणि 1933 मध्ये 87. म्हणजे चार वर्षांत किमती सुमारे 38 टक्क्यांनी खाली आल्या आणि शेतमालाच्या किमती त्याहूनही अधिक घसरल्या. जमिनीचा सारा मात्र रोख रकमेत बांधलेला होता. निफाडच्या शेतकऱ्याने 1929 मध्ये सारा भरण्यासाठी जितके धान्य विकले, त्याच्या दीडपट आणि कधी दुपटीच्या जवळपास त्याला 1933 मध्ये विकावे लागले. जिथे वसुली अशक्य झाली तिथे सूट आणि तहकुबी द्यावी लागली. अबकारीचे उत्पन्न आधीच 1930 च्या दारूदुकानांवरील निरोधनांमुळे (पिकेटिंगमुळे) घटले होते. दुसरीकडे सविनय कायदेभंगामुळे पोलीस आणि तुरुंगांचा खर्च वाढला. आपल्या नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात 1932-33 मध्ये जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी ही मंडळी होती आणि समाजवादी पक्षाच्या कल्पनेची चर्चा तेथेच झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या कारागृहाचा खर्च आणि पंचवटीकरांच्या संस्थेची ग्रँट ही एकाच इलाख्याच्या अंदाजपत्रकातली दोन पदे होती.

आता प्रश्न असा, की उत्पन्न घटले असताना कर्ज काढून शाळा का चालवल्या नाहीत? प्रांताला कर्ज काढण्यासाठी दिल्लीची अनुमती लागे आणि हिंदुस्थानाबाहेर काढायचे तर लंडनमधील भारतमंत्र्यांची. आणि खुद्द दिल्लीचे लक्ष लंडनच्या सावकारी पेठेकडे लागलेले. व्याज, निवृत्तिवेतने, लष्करी खर्च अशा देण्यांपोटी दर वर्षी सुमारे तीन कोटी पौंड इंग्लंडात पोचते करावे लागत. यातच रुपयाच्या दराचा प्रश्न गुंतलेला होता, आणि तो समजल्याशिवाय त्या वीस वर्षांतले एकही अंदाजपत्रक उलगडत नाही. रुपया एक शिलिंग सहा पेन्सांचा धरला, तर पौंडाला 13 रुपये 5 आणे 4 पै पडतात. एक शिलिंग चार पेन्सांचा धरला, तर 15 रुपये. तीन कोटी पौंडांवर हा फरक पाच कोटी रुपयांचा होतो. 1927 मध्ये सरकारने अठरा पेन्सांचा दर कायद्याने पक्का केला. त्याआधी 1926 मध्ये हिल्टन यंग चलन आयोगाच्या अहवालाला सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी सोळा पेन्सांसाठी भिन्नमतपत्रिका जोडली होती, कारण चढा रुपया अंदाजपत्रकाला सोयीचा असला, तरी कापूस आणि गळिताची धान्ये विकणाऱ्याच्या हाती त्यामुळे कमी रुपये पडत. याच्या उलट अनुभव सरकारने त्याआधी घेतला होता. 1920 मध्ये रुपया दोन शिलिंगांचा ठरवला आणि वर्षाच्या आत बाजारभाव दीड शिलिंगाच्याही खाली गेला. दहा रुपयांना मिळेल असे धरलेला पौंड मिळेनासा झाला आणि अंदाजपत्रकातले इंग्लंडमधील खर्चाचे आकडे निरर्थक ठरले. 1918-19 ते 1922-23 अशी सलग पाच वर्षे केंद्राला तूट आली, त्याचे हे एक कारण. लष्करी खर्च हे त्याहून मोठे. सरकारी खर्चात कपात सुचवण्यासाठी नेमलेल्या इंचकेप समितीने काटछाट सुचवली ती या तुटीपोटी.

समतोलाचा हा आग्रह केवळ परकीय राज्यकर्त्यांचा होता असे विद्यार्थ्यांना वाटते, म्हणून हेही सांगतो की तेव्हा खुद्द इंग्लंडातही तोच विचार राज्य करीत होता. 1931 च्या उन्हाळ्यात सर जॉर्ज मे यांच्या समितीने 12 कोटी पौंडांच्या तुटीचे भाकीत केले आणि बेकारभत्त्यात कपात करायची की नाही, या वादात मजूर पक्षाचे मंत्रिमंडळ फुटले. जर्मनीत 1923 च्या नोव्हेंबरात एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क पडत होते. ती आठवण ताजी असल्यामुळेच चान्सलर ब्रुनिंग यांनी 1930 ते 1932 या काळात बेकारी वाढत असतानाही पगार आणि खर्च छाटले. फरक इतकाच, की इंग्लंडातल्या कपातीवर तिथल्या मतदारांना कौल देता आला. आपल्याकडे 1923 मध्ये विधिसभेने मिठावरील दुप्पट कर नाकारला, तरी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी स्वतःच्या अधिकारात तो लागू केला.

याच संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मरण केले पाहिजे. नाशिकमध्ये त्यांचे नाव निघते ते 2 मार्च 1930 रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या संदर्भात, आणि ते योग्यच आहे. परंतु केंद्र आणि प्रांत यांच्या आर्थिक संबंधांवरचा त्यांचा प्रबंध 1925 मध्येच प्रसिद्ध झाला होता. 1927 मध्ये मुंबई विधिमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी दाखवून दिले, की प्राप्तिकराला जशी उत्पन्नाची किमान मर्यादा असते तशी साऱ्याला नाही आणि त्यामुळे एकरभर जमिनीचा धनीही त्यातून सुटत नाही. तूट भरून काढण्याचा भार कोणाच्या पाठीवर पडतो, हा प्रश्न त्यांनी मंदी येण्याच्या आधीच विचारला होता.

उत्तर
देवळालीगाव:

वरील दोन्ही उत्तरे वाचून फार समाधान वाटले. मी टपाल तिकिटांचा संग्राहक आहे, त्यामुळे माझी भर छोटी आहे. पण ती आपल्या गावाशी निगडित असल्याने देण्याचा मोह आवरत नाही.

1931 ची तूट मी चिमट्यात धरून पाहिली आहे. 1922 पर्यंत पोस्टकार्ड पाव आण्याला मिळे. त्या वर्षी तुटीपायी ते अर्धा आणा झाले. 1931 च्या अखेरीस ते पाऊण आणा, म्हणजे नऊ पै झाले आणि पत्राचा दर एक आण्यावरून सव्वा आणा झाला. या नव्या दरांसाठी पंचम जॉर्जच्या चित्राची नऊ पैची हिरवी आणि एक आणा तीन पैची जांभळट तिकिटे 1932 मध्ये निघाली आणि ती आपल्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली गेली. हा प्रेस सुरू होण्याआधी आपली तिकिटे लंडनहून छापून येत. 1928 पासून नोटांची छपाईही येथे सुरू झाली. दिल्लीने कर वाढवला तो कागद आपल्या गावात छापून देशभर गेला, आणि परगावी शिकणाऱ्या मुलाला घरून येणारे कार्ड त्यामुळे दीडपट महाग झाले.

मिठाचेही असेच झाले. 1931 मध्ये अधिभार बसल्यावर मणाचा कर 1-4-0 वरून 1-9-0 झाला. चाळीस शेरांचा मण धरल्यास शेरामागे सहा पैचा कर साडेसात पै झाला. दीड पैची वाढ किरकोळ वाटेल, पण ती घरातल्या प्रत्येक ताटावर होती. प्राप्तिकराची किमान मर्यादाही त्याच वेळी दोन हजारांवरून एक हजारावर आणली गेली. पंचवटीकरांनी मुख्याध्यापकांचा पगार पाहावा. महिना 84 रुपयांहून अधिक असेल, तर कपात झालेल्या पगारावर त्यांना प्राप्तिकरही भरावा लागला असेल.

प्रतिसाद
पंचवटीकर:

आपणा तिघांचेही मनापासून आभार. काल दुपारभर पुन्हा त्या वह्यांत होतो. नाशिकरोड यांनी सांगितल्याप्रमाणे 17-8-0 ची नोंद शोधली. ती 1931 च्या पूर्वार्धापर्यंत नियमित आहे आणि त्यानंतर थांबते. कागदाची विक्री त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आहे. दर्शनी किंमत हजार रुपये लिहिली आहे, परंतु कमी आलेली रक्कम खर्ची कोठेही टाकलेली नाही. समासात पेन्सिलीने वजाबाकी करून ठेवली आहे आणि तिच्याखाली कोणाचीच सही नाही. मुख्याध्यापकांचा पगार कपातीपूर्वी 90 रुपये आणि कपातीनंतर 81 आहे. म्हणजे कपातीमुळे ते प्राप्तिकराच्या मर्यादेबाहेर राहिले. देवळालीगाव यांनी सुचवले नसते, तर हे माझ्या लक्षात आले नसते.

एक शंका अजून उरते. संस्थेच्या 1927 च्या अहवालात, म्हणजे मंदीच्या पुष्कळ आधी, "मुंबईत समुद्र भरण्यास पैसा आहे, शाळेस नाही" असे एक वाक्य आहे. हा उल्लेख बॅकबे योजनेचा असावा. पण त्या योजनेचा खर्च कर्जातून होत होता ना? मग त्याचा ग्रँटशी संबंध कसा?

उत्तर
नाशिकरोड:

आपला तर्क बरोबर आहे आणि हा संबंध दाखवणे महत्त्वाचे आहे. त्याआधी कॉलेजरोड यांचा आक्षेप मी बऱ्याच अंशी मान्य करतो. 1930 नंतरच्या कपातीचे तात्कालिक कारण मंदी हेच आहे. माझे म्हणणे एवढेच उरते, की मेस्टन वर्गण्या संपल्या तरी मेस्टन वाटणी संपली नव्हती. वाढणारे कर दिल्लीकडे आणि न वाढणारे प्रांताकडे ही व्यवस्था 1937 पर्यंत तशीच राहिली, आणि मंदीचा घाव मुंबईला सोसवला नाही तो त्यामुळे. आपल्या चिटणीसांचे 1927 चे वाक्यही तेच सांगते.

बॅकबेची हकीकत अशी. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनी 1920 मध्ये विकास खाते उघडले आणि त्याच वर्षी साडेसहा टक्के व्याजाचे विकासकर्ज काढले. समुद्र हटवून 1,145 एकर जमीन काढायची आणि ती विकून खर्च वसूल करायचा, अशी मांडणी होती. आरंभीचा अंदाज पावणेचार कोटींच्या आतबाहेर होता. काही वर्षांतच तो दुपटीच्या घरात गेला. भराव टाकावा आणि तो समुद्रात निघून जावा, असे चालले. तोवर तेजी ओसरून जमिनीचे भावही उतरले होते. खुरशेदजी नरिमन यांनी हा गैरकारभार चव्हाट्यावर आणला आणि 1926 मध्ये चौकशी समिती नेमावी लागली.

आता आपला प्रश्न. हा सारा खर्च भांडवली खात्यावर होता, हे खरे. अंदाजपत्रकाच्या महसुली बाजूला तो दिसत नाही. म्हणूनच आपल्याला एका पानावर शिल्लक आणि दुसऱ्या पानावर तूट दिसली. परंतु कर्जाचे व्याज महसुली खात्यातच पडते. योजना उत्पन्न देऊ लागली, तर ते व्याज ती स्वतः सोसते. उत्पन्न आले नाही, तर ते सामान्य करांतून द्यावे लागते आणि त्याच करांतून शाळांची ग्रँट जात असते. व्याज थांबवता येत नाही, ग्रँट थांबवता येते. लेखापरीक्षणाच्या नोकरीत मी हा क्रम अनेकदा पाहिला आहे: जे देणे करारबद्ध आहे ते आधी जाते आणि जे केवळ शासनाच्या इच्छेवर आहे ते उरले तर मिळते. भांडवली कर्ज सरसकट वाईट, असे मात्र यावरून समजू नये. त्याच गव्हर्नरांच्या नावाने ओळखला गेलेला सक्कर बंधारा 1932 मध्ये सुरू झाला आणि सिंधच्या लाखो एकरांना त्याने पाणी दिले. पण त्याच्या कर्जाचा भारही त्या वर्षांत मुंबई इलाख्याच्याच माथी होता. सिंध वेगळा झाला तो 1 एप्रिल 1936 रोजी.

संस्थेच्या पुढच्या वह्यांविषयीही एक सूचना करतो. 1936 च्या नीमेयर अहवालाने प्राप्तिकराचा निम्मा भाग प्रांतांसाठी ठरवला आणि त्यातला 20 टक्के हिस्सा मुंबईला दिला. 1937 च्या जुलैत बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि अण्णासाहेब लठ्ठे अर्थमंत्री झाले. दारूबंदीमुळे अबकारीचे उत्पन्न जाणार हे ठाऊक असूनही त्यांनी ती स्वीकारली आणि 1939 मध्ये शहरी स्थावर मिळकतीवर दहा टक्के कर बसवला. तुटीचा भार घरमालकांकडे, म्हणजे वरच्या दिशेने, वळवण्याचा तो विरळा प्रयत्न होता आणि त्याविरुद्ध उच्च न्यायालयापर्यंत दावा गेला. 1937 ते 1939 मधील आपल्या ग्रँटचे आकडे त्या दृष्टीने पाहावेत.

कॉलेजरोड:

मुख्याध्यापकांच्या 81 रुपयांविषयी एक खुलासा, कारण इतिहासात तो चुकीचा जाऊ नये. किमती 1929 ते 1933 मध्ये 38 टक्क्यांनी उतरल्या असल्याने, ज्याचा पगार केवळ दहा टक्क्यांनी कमी झाला आणि वेळेवर मिळत राहिला, त्याची खरेदीशक्ती प्रत्यक्षात वाढली. सरकारी नोकरांची कपात 1933 मध्ये निम्मी झाली आणि 1935 मध्ये पूर्ण उठली. पण आपल्या संस्थेत पगार वेळेवर मिळत होता काय? चिटणीसांनी दोन महिने पगार उचलला नाही, असे आपण लिहिले आहे. सहाय्यक शिक्षकांच्या पगाराच्या तारखा पाहाव्यात. हाल कपातीने झाले की विलंबाने, हे त्यावरून ठरेल.

पंचवटीकर:

तारखा आज पाहून आलो. 1929-30 मध्ये पगार दर महिन्याच्या 5 तारखेच्या आत खर्ची पडलेला आहे. 1931-32 मध्ये ऑगस्टचा पगार 19 सप्टेंबरला आणि सप्टेंबरचा थेट 28 ऑक्टोबरला, म्हणजे कागद विकल्यानंतर तीन दिवसांनी. त्या 28 तारखेच्या पानावर सात शिक्षकांच्या सह्या एकाखाली एक आहेत. आठव्या ओळीत चिटणीसांचे नाव आहे, रक्कम लिहिलेली आहे आणि सहीची जागा मोकळी आहे.